इंजिनखोलीची दोन दारं

कोकणातल्या जुन्या माणसांच्या तोंडी ‘आगबोट’ हा शब्द अजून आहे. वाफेवर चालणारं जहाज पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आपल्या लोकांनी त्याला नाव दिलं ते त्याच्या पोटातल्या आगीवरून. मला हे नाव फार नेमकं वाटतं. डेकवरून समुद्र दिसतो, खाडी दिसते, दीपगृह दिसतं. पण जहाज चालतं ते खाली, पाण्याच्या पातळीच्याही खाली पेटलेल्या भट्ट्यांवर. त्या भट्ट्यांपुढे उभी राहणारी माणसं प्रवाशांना कधी दिसत नसत. जहाजाच्या इंजिनखोलीत सगळ्यात खालच्या पायरीवर माणूस कसा शिरत असे, शिरण्यासाठी काय मोजत असे आणि तिथून कुठवर वर चढत असे, त्याची ही हकिगत आहे. माझी सारी नोकरी जहाजांच्या इंजिनखोल्यांत गेली, तेव्हा थोडा पक्षपात होईल. तो वाचकांनी सांभाळून घ्यावा.

आधी उतरंड सांगतो, कारण तिची नावं आपल्याच भाषांतली आहेत. ब्रिटिश जहाजांवरच्या हिंदी खलाशांना इंग्रज ‘लास्कर’ म्हणत; तो आपला ‘लष्कर’च. त्यांचा मुख्य तो सारंग. त्याच्या हाताखाली तांडेल. (कोकणपट्टीत आणि पालघरकडे सारंग, तांडेल ही आडनावं आजही आहेत, ती याच दर्यावर्दी परंपरेतली.) इंजिनखोलीत सामानसुमान सांभाळणारा तो कासब, लहान बॉयलर आणि पंप बघणारा डाँकीवाला, यंत्राला तेल घालणारा तेलवाला, भट्टीत कोळसा मारणारा आगवाला आणि सगळ्यात शेवटी कोयलावाला. इंजिनखोलीतली नवखी उमर सुरू व्हायची ती बहुधा कोयलावाला म्हणूनच.

कोयलावाल्याचं काम ऐकायला सोपं आहे. जहाजाच्या दोन्ही कुशींना कोळशाची कोठारं, म्हणजे बंकर असत. तिथला कोळसा फावड्याने भरून, ढकलगाडीने भट्टीसमोर आणून ओतायचा. कोळसा दोन्ही बाजूंनी सारखा उचलावा लागे, नाहीतर जहाज एका अंगाला कलतं. बंदर सोडताना कोठारं तोंडापर्यंत भरलेली, त्यामुळे पहिले चार दिवस सोपे जात. पण प्रवास जसजसा पुढे सरके, तसतसा कोळसा मागे, कोपऱ्यात, अंधारात जाई आणि ढकलगाडीची वाट लांबत जाई. सगळे जण थकलेले असताना कोयलावाल्याचं काम मात्र वाढलेलं असे. कोठारात उजेड एका कंदिलाचा, धूळ नाकातोंडात, आणि समुद्र खवळला की ढिगाचा कोळसा अंगावर घसरण्याची भीती.

आगवाला त्याच्या एक पायरी वर. त्याचं काम केवळ ताकदीचं आहे असं लोकांना वाटतं, ते खरं नाही. भट्टीचं दार उघडं राहिलं की थंड हवा आत जाते आणि वाफ पडते. म्हणून दार उघडायचं, चार फावडी कोळसा जाळीवर सारखा पसरेल असा मारायचा आणि झटकन दार लावायचं. ढीग झाला तर तो मधे काळाच राहतो, पातळ पसरला तर जळून भोकं पडतात. कोळशातली माती वितळून तिचा दगडासारखा थर जाळीवर बसतो, त्याला क्लिंकर म्हणतात. तो लांब सळईने फोडून, दाताळ्याने ओढून बाहेर काढायचा. तो पायाशी लालबुंद पडला की त्यावर पाणी मारायचं, आणि त्या वाफेत उभं राहून राख वर पाठवायची. चार तास काम, आठ तास विश्रांती, पुन्हा चार तास. एका पाळीत माणशी टन-दोन टन कोळसा. तांबड्या समुद्रात मागून वारा असला की हवेच्या नळांतून वारा खाली येत नसे आणि भट्टीपुढचं तापमान पन्नास अंशांच्या पुढे जाई. उष्म्याने भ्रम होऊन आगवाल्यांनी समुद्रात उडी घेतल्याच्या घटना त्या काळच्या कागदपत्रांत आहेत, आणि ही माणसं गोरी आणि हिंदी, दोन्ही होती.

जहाजांचे मालक सांगत की हिंदी माणूस उष्ण देशातला, त्याला हा उष्मा सोसतो. मला या युक्तिवादाची नेहमी गंमत वाटते. कारण मुंबई बंदरातून इंजिनखोलीत जाणारे लोक होते कुठले? कोकणातला आणि गुजरातचा माणूस बहुतेक डेकवर असे, गोव्याचा माणूस स्वयंपाकघरात आणि प्रवाशांच्या सेवेत. भट्टीवर सुरुवातीच्या काळात पूर्व आफ्रिकेतून आलेले सिद्दी असत. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्याशी त्यांचा संबंध नाही. त्यांतले काही तर गुलामांच्या जहाजांतून सोडवून मुंबईत उतरवलेले होते. पुढे त्यांची जागा घेतली ती वायव्येकडच्या लोकांनी. आपण ‘अटकेपार’ म्हणतो ना, त्या अटकेच्या आसपासच्या छछ भागातले पठाण, पंजाबी आणि काश्मीर संस्थानातल्या मीरपूरचे लोक. तिथे हिवाळ्यात शेकोटीवाचून भागत नाही! मीरपूरच्या लोकांचं कारण वेगळंच होतं. झेलम नदीतून होड्यांनी मालाची ने-आण करणं हा त्यांतल्या बऱ्याच जणांचा धंदा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पंजाबात रेल्वे आली आणि नदीवरचा धंदा बसला. नावाडी बेकार झाले, त्यांनी रेल्वेतच बसून कराची आणि मुंबई गाठली आणि ते आगबोटींच्या भट्ट्यांपुढे उभे राहिले. वाफेच्या यंत्राने ज्यांची पोटं मारली, त्यांनी वाफेच्याच यंत्रावर पोट भरलं.

मालकांच्या हिशेबात उष्म्यापेक्षा मोठी गोष्ट पगाराची होती. दुसरं महायुद्ध सुरू झालं त्या सुमाराला हिंदी खलाशाचा पगार ब्रिटिश खलाशाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढा होता. त्याचा करारच निराळा असे, ‘एशियाटिक आर्टिकल्स’ नावाचा. राहायला जागा कमी, शिधा वेगळा, आणि करार संपवायचा तो हिंदुस्थानातच. लंडनला नोकरी सोडून तिथे चांगल्या पगारावर दुसरं जहाज धरायची सोय नव्हती. तरीही पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवर पन्नास हजारांहून अधिक हिंदी खलाशी होते.

एवढं कष्टाचं, एवढ्या कमी पगाराचं काम. ते तरी सहज मिळत असेल? नाही. खरी भट्टी किनाऱ्यावरच होती.

कंपनी स्वतः माणसं निवडत नसे. ती दलालाला किंवा घाट सारंगाला सांगे, तो जहाजाच्या सारंगाला, आणि सारंग आपल्या गावची, आपल्या नात्यातली माणसं आणी. गावाहून आलेला मुलगा मुंबईत खलाशांच्या खोलीवर उतरे. जहाज मिळेपर्यंत दोन महिने, कधी सहा महिने जात. तेवढे दिवस जेवण उधार, झोपणं उधार. जहाज मिळालं की सारंगाला दस्तुरी द्यायची, सारंगाने त्यातला वाटा घाट सारंगाला पोचवायचा. सही करताना जी महिन्याची आगाऊ रक्कम हातात पडे, ती खोलीवाल्याच्या आणि सावकाराच्या हातात जाई. म्हणजे मुलगा पहिल्यांदा भट्टीपुढे उभा राही तेव्हा त्याचे काही महिन्यांचे पगार आधीच खाल्लेले असत. सारंग वाईटच असे असं मात्र मी म्हणणार नाही. तोच गावाकडे पैसे पोचवी, आजारपणात बघे, साहेबाशी त्याच्या वतीने बोले. पण परत आल्यावर पुढचं जहाजही त्याच्याच मर्जीवर. खलाशाच्या हातात स्वतःचं असं एकच, ते म्हणजे केलेल्या प्रवासांचा दाखला. त्याला खलाशी ‘नळी’ म्हणत आणि जिवापाड जपत.

हे सारं सरकारला ठाऊक होतं. १९२० मध्ये इटलीतल्या जिनोआ शहरात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची खलाशांसाठी खास परिषद भरली. तिथे ठराव झाला की खलाशाला नोकरी लावून देण्याबद्दल त्याच्याकडून कुणी पैसे घेऊ नयेत. १९२२ मध्ये इथे भरतीच्या चौकशीसाठी क्लो यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तिने लाचलुचपतीचा सारा पसारा नोंदवला आणि दलाल काढून टाकून सरकारी भरती कचेऱ्या काढा असं सुचवलं. १९३१ मध्ये मजूरविषयक व्हिटली कमिशनने पुन्हा तेच दुखणं पाहिलं. दिनकर देसाईंनी १९४० मध्ये ‘मेरिटाइम लेबर इन इंडिया’ हे पुस्तक लिहिलं. नामदार गोखल्यांच्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे हे कार्यकर्ते मुंबईत खलाशांच्या संघटनेचं काम करत. कन्नड वाचक त्यांना चुटुके लिहिणारे कवी म्हणून ओळखतात, आपण मात्र त्यांना साफ विसरलो. पुस्तक निघालं तेव्हाही घाट सारंग आपल्या जागी होताच. सरकारी नोंदणी आणि पाळीप्रमाणे जहाज देण्याची पद्धत खऱ्या अर्थाने आली ती स्वातंत्र्यानंतर.

याच काळातला आणखी एक ठराव मला विसरता येत नाही. तो १९२१ चा. अठरा वर्षांखालच्या मुलाला कोयलावाला किंवा आगवाला म्हणून घेऊ नये, असा जगभरासाठी नियम झाला. चांगलाच नियम. पण त्याला दोन अपवाद जोडले होते. पहिला असा, की हिंदुस्थान आणि जपान यांच्या किनारी वाहतुकीतल्या जहाजांवर सोळा वर्षांचा मुलगा वैद्यकीय तपासणी करून घेता येईल. म्हणजे मुंबईहून कोकणात येणाऱ्या ज्या आगबोटींच्या डेकवर चाकरमानी शिमग्या-गणपतीला ट्रंका घेऊन बसत, त्यांच्या तळाशी सोळा वर्षांचा मुलगा कायद्याने उभा राहू शकत होता. दुसरा अपवाद त्याहून विलक्षण. एखाद्या बंदरात अठरा वर्षांवरचा माणूस मिळालाच नाही, तर सोळा वर्षांवरची मुलं घ्यावीत, मात्र एका माणसाच्या जागी दोन मुलं! एवढा स्वच्छ त्रैराशिकाचा हिशेब मी दुसऱ्या कुठल्या कायद्यात वाचला नाही. स्वतंत्र भारताच्या १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्यातही कोयलावाला आणि आगवाला यांच्या वयाबद्दल वेगळं कलम होतं.

युद्धात तर तळाची माणसं सर्वांत आधी जात. टॉर्पेडो लागतो तो पाण्याखाली, आणि इंजिनखोलीही पाण्याखाली. बॉयलर फुटला की शिडीपर्यंत पोचायलाही वेळ मिळत नाही. पहिल्या महायुद्धात ३,४२७ हिंदी खलाशी मेले, दुसऱ्यात सुमारे ६,६००. मुंबईत मस्जिद बंदरजवळ इंडियन सेलर्स होममध्ये त्यांचं स्मारक आहे. पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची स्मृती तिथे जपलेली आहे. समुद्राखेरीज ज्यांना दुसरी कबर नाही अशी ही माणसं. तिथून रोज हजारो लोक घाऊक बाजाराला जातात.

आता त्या दुसऱ्या दाराकडे वळतो. कोयलावाला आगवाला होई, आगवाला तेलवाला होई, नशीब आणि दस्तुरी असेल तर तांडेल आणि म्हातारपणी सारंग. तिथे शिडी संपत असे. त्याच्या डोक्यावर जो इंजिनिअर असे, तो या शिडीने आलेलाच नसे. तो ग्लासगोसारख्या शहरात कारखान्यात उमेदवारी करून, फिटिंग-टर्निंग शिकून, परीक्षा देऊन थेट मधल्या मजल्यावर उतरत असे. वीस वर्षं यंत्राजवळ काढलेल्या तेलवाल्याला ती परीक्षा देता येत नसे, कारण तिला कारखान्यातली उमेदवारी लागे, इंग्रजी लागे, आणि मुख्य म्हणजे त्याने परीक्षा द्यावी असं कुणालाच वाटत नसे. एकाच खोलीला दोन दारं होती, आणि आत गेल्यावर एका दाराने आलेला माणूस दुसऱ्याच्या शिडीवर जाऊ शकत नव्हता.

इंजिनिअरांचं दार हिंदी मुलांसाठी उघडायला बराच वेळ लागला. १९१९ मध्ये वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंदिया कंपनी काढली. त्या वर्षी ५ एप्रिलला ‘लॉयल्टी’ हे तिचं जहाज मुंबईहून लंडनला निघालं. तो दिवस पुढे राष्ट्रीय सागरी दिन झाला. जहाज हिंदी, भांडवल हिंदी, पण हिंदी अधिकारी आणायचे कुठून? १९२७ मध्ये मुंबई बंदरात ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज सुरू झालं ते मुख्यतः डेकच्या अधिकाऱ्यांसाठी. इंजिनिअरिंगचे विद्यार्थी तिथे घेतले जाऊ लागले ते १९३० च्या दशकात. खरा बदल झाला १९४९ मध्ये. त्या वर्षी मरीन इंजिनिअरिंग प्रशिक्षणाचं संचालनालय, म्हणजे आमच्या पिढीच्या भाषेत ‘डी.एम.ई.टी.’, कोलकाता आणि मुंबईत सुरू झालं. मध्यमवर्गीय घरातला, गणितात बरा असलेला मुलगा कोळशाला हात न लावता इंजिनखोलीत जाऊ लागला. चांगलंच झालं. पण ते जुनं दार जिथे होतं तिथेच राहिलं.

मी कारखान्याच्या दाराने आलो. माझगावच्या बाजूला जहाजदुरुस्तीच्या एका कारखान्यात चार वर्षं कानस घासून, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ज्युनिअर इंजिनिअर म्हणून जहाजावर चढलो. तिथे चीफ इंजिनिअर तो बडा साब, आणि मी सर्वांत धाकटा, म्हणून ‘पाच साब’. कोळसा तोवर गेला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर बॉयलर तेलावर चालू लागले आणि कोयलावाला नाहीसा झाला. मग डिझेल इंजिनं आली आणि आगवाला नाहीसा झाला. फाळणीनंतर मीरपूर-अटकेचा भरणाही मुंबईत पूर्वीसारखा उरला नव्हता. माझ्या पाळीवर खेडकडचा एक तेलवाला होता, माझ्या वडिलांहून मोठा. उमेदीत त्याने कोळसा मारला होता, आणि डोळ्यांच्या कडा भट्टीने कायमच्या लाल झाल्या होत्या. इंजिनाच्या दारांवरून तो हाताची पालथी बाजू फिरवत जाई. एकदा म्हणाला, “पाच साब, चार नंबर जरा ऊन लागतंय.” तापमापकात काहीच दिसत नव्हतं. तासाभराने काटा हलला. बेअरिंग जळता जळता वाचलं आणि वहीत नोंद माझ्या सहीने झाली, कारण वहीत लिहिण्याचा अधिकार मला होता, त्याला नव्हता. माझा पगार पहिल्याच महिन्यात त्याच्या कितीतरी पुढे होता. पहिलं जहाज मिळवायला त्याच्या आईच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या. त्या सोडवायला त्याला तीन प्रवास लागले. हे त्याने मला कसलीही कटुता न आणता, चहा पिता पिता सांगितलं.

आज या जुन्या दाराचं नाव आहे ‘जीपी रेटिंग’. दहावी पास मुलगा, डोळे आणि तब्येत चांगली, सहा महिन्यांचा निवासी अभ्यासक्रम, सुरक्षिततेची प्रमाणपत्रं आणि ‘सीडीसी’, म्हणजे जुन्या नळीचीच नात. जहाजावर गेल्यावर इंजिनखोलीत फडकं आणि बादली घेऊन पुसापुशीपासून सुरुवात. त्या हुद्द्याचं नावच ‘वायपर’ आहे. मग पाळी सांभाळण्याची परीक्षा, मग तेलवाला, आता त्याला ‘ऑइलर’ म्हणतात. खोली थंड हवेच्या नियंत्रण कक्षातून चालते आणि रात्री पुष्कळ जहाजांवर खाली कुणी नसतंच. त्यामुळे माणसं कमी लागतात. तिथेच गाठ पडते. अभ्यासक्रम पूर्ण झालेली मुलं जास्त आणि खालच्या हुद्द्याच्या जागा थोड्या, आणि मधे उभा असतो एजंट. सीबीडी बेलापूर असो की बिहारमधलं एखादं तालुक्याचं गाव, तो लाखांत बोलतो. काहींना पैसे घेऊन जहाज मिळतं, काहींना असं जहाज मिळतं की ज्याचा मालकच परदेशी बंदरात पगार न देता पळून जातो, आणि काहींना नुसती बनावट नेमणूकपत्रं.

नियम मात्र स्वच्छ आहे. २००५ च्या आणि नंतर २०१६ च्या भरतीविषयक नियमांनुसार परवानाधारक कंपनीनेच खलाशी भरती करायची आणि नोकरी लावण्याबद्दल त्याच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. भारताने २०१५ मध्ये मान्य केलेला आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारही तेच सांगतो. शब्द थोडे बदलले आहेत, अर्थ जिनोआचाच आहे. ज्यांच्या घरातला मुलगा या वाटेला निघाला असेल, त्यांनी पैशाची गोष्ट निघाली की आधी परवान्याचा क्रमांक मागावा आणि तो मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाच्या यादीशी ताडून पाहावा. क्रमांक मागितल्यावर जो रागावतो, त्याच्याकडे पुन्हा जायचं कारण नाही.

आणि शिडीचं म्हणाल, तर आज रेटिंग म्हणून गेलेल्या मुलाला समुद्रावरची ठरावीक वर्षं भरून, अभ्यास करून इंजिनिअरच्या परीक्षेपर्यंत पोचायची वाट कागदावर तरी मोकळी आहे. ती अवघड आहे, कारण प्रवास संपवून घरी आलेल्या माणसाला वर्गात बसण्यापेक्षा पुढचं जहाज धरण्याची घाई असते; घरी पैसे लागतात. माझ्या ओळखीत असे दोघे जण वर गेले. त्यांतला एक वायपर म्हणून लागला होता. तो आता चीफ इंजिनिअर आहे, आणि खाली उतरला की अजूनही खिशात फडकं ठेवतो.